मेलबर्नचे सहा म्हणजे माशेलचा दीड

पहिल्यांदा मेलबर्नला साथीला गेलो तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी उतरलो होतो. मैफल संध्याकाळी सहाची. गायिकेनं विलंबितात षड्जावर ठाण मांडलं आणि इकडे माझी मान पेटीवर कलली. भात्यावरचा हात थांबला, सूर तुटला, तेव्हा जाग आली. रसिक सज्जन, कुणी काही बोललं नाही. घरी येऊन हिशेब केला: सप्टेंबरात मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास. तिथले सहा म्हणजे गोव्यातल्या आमच्या माशेलची दुपार दीड, हुमण-भात (माशांचं कालवण नि भात) जेवून आडवं व्हायची वेळ! आणि रात्री दहाला ते दिवे मालवतात, तेव्हा माझ्या अंगाला संध्याकाळचा साडेपाचचा चहा हवा असतो.

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. साडेचार तासांना चार-पाच दिवस लागणारच. म्हणून आता मी दोन भाग करतो. थोडं घरी सरकवतो आणि कार्यक्रमाआधी तीन दिवस तिथे पोचतो. आयोजक हॉटेल एकाच रात्रीचं देतात. बाकीच्या रात्रींसाठी एखाद्या मराठी कुटुंबाकडे सोय होईल का, हे तिकीट काढण्याआधीच विचारायचं. मानधन थोडं कमी घेतो, पण हा आग्रह सोडत नाही.

घरचा भाग असा. निघण्याआधी दोन-तीन दिवस रोज तासभर लवकर जेवायचं आणि लवकर झोपायचं. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आत उठून घरातले सगळे दिवे लावायचे. दुपारची झोप बंद. गोव्यात हे सांगणं सोपं. गणेशचवथीनंतर कुठे ना कुठे भजन नाहीतर नाटक असतंच, आणि नाटक रात्री दहाशिवाय रंगत नाही. तीन दिवस प्रयत्न करून माझं जेमतेम तासभर सरकतं. तेवढंही कामाला येतं.

आता खरी गोम उजेडाची. ‘उतरल्या उतरल्या उन्हात फिर’ हा सल्ला मलाही मिळाला होता, आणि तो अर्धाच खरा आहे. आपण नेहमी उठतो त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, म्हणजे झोप-जाग लवकर आणतो, त्याआधीचा मागे. मी सहाला उठणारा, म्हणजे माझा हा क्षण पहाटे साडेतीनच्या सुमारास. मेलबर्नच्या घड्याळात तो होतो सकाळचे आठ. घरी तासभर सरकवलं असेल तर सात. सप्टेंबरात तिथे सव्वासहा-साडेसहाला उजाडतं, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन आपल्याला उलट्या दिशेला ओढतं! म्हणून पहिल्या सकाळी मी विमानतळावरून काळा चष्मा लावून निघतो (यजमानांच्या मुलाला वाटलं, काकांचे डोळे आलेत) आणि आठपर्यंत पडदे ओढून बसतो. त्यानंतर मात्र तासभर बाहेर चालायचं, चष्म्याशिवाय. पुढच्या प्रत्येक दिवशी बाहेर पडायची वेळ तासभर अलीकडे आणायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात. मग फरक साडेपाच तासांचा, तेव्हा हिशेब नव्याने करा.

लंडन किंवा इंग्लंडमधल्याच स्विंडनला निघालेल्यांनी हे सगळं उलटं करायचं. उन्हाळी वेळेत तेही साडेचार तासच, पण मागे. तिथे उशिरापर्यंत जागायचं, संध्याकाळचा उजेड घ्यायचा. पश्चिमेचा प्रवास बहुतेकांना सोपा जातो, कारण शरीराचं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला रेंगाळायला आवडतं.

विमानात दारू नको. फेणी घेतली की झोप येते हे खरं, पण ती दोन-तीन तासांत मोडते. मेलाटोनिनच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना इथेच विचारा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. आणि पहिला प्रयोग परदेशात, मैफलीच्या आदल्या रात्री करू नका.

तिथे गेल्यावर जेवण त्यांच्या वेळेला, भूक नसली तरी थोडं. दुपारी डोळे मिटलेच तर गजर लावून वीस मिनिटं, तीनच्या आत. दुपारनंतर कॉफी बंद, कारण घेतलेल्या कॉफीतला निम्मा कैफ पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र हा नियम मी मुद्दाम मोडतो. दुपारी हलकं जेवण, वीस मिनिटांची डुलकी, आणि साडेपाचला, तबला-तानपुरे स्वरात लावून झाले की, बिनसाखरेची कडक कॉफी. त्या रात्री दोनपर्यंत जागा राहिलो तरी चालतं, पेटी तोवर पेटाऱ्यात गेलेली असते.