लिलावातली जुनी शस्त्रं पाहायला जाताय? या चुका टाळा

लंडनच्या मोठ्या लिलावघरांत साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भारतीय आणि इस्लामी कलावस्तूंचे लिलाव होतात. सदबीज, क्रिस्टीज, बॉनहॅम्स ही त्यातली ठळक नावं. लिलावाआधी काही दिवस सगळा माल मांडून ठेवतात आणि तो कुणीही आत जाऊन पाहू शकतं. तिकीट लागत नाही, ओळख लागत नाही, खिशात किती आहेत हेही कुणी विचारत नाही. मी रेडिंगहून ट्रेनने जाते, बॅगेत पोळीभाजीचा डबा असतो आणि दिवसभर तलवारी बघून परत येते. गेल्या काही वर्षांत मी विकत घेतलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. चुका मात्र भरपूर केल्या, त्यातल्या काही इथे सांगते.

पहिली चूक म्हणजे "आपल्याला कुठे घ्यायचंय" म्हणून न जाणं. पाहायलाच जायचं तर लंडनचं वॉलेस कलेक्शन आहे, लीड्सचं रॉयल आर्मरीज हे शस्त्रांचं संग्रहालय आहे. दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे, आणि लीड्सला तर भारतातून आलेलं हत्तीचं अख्खं चिलखत उभं आहे. पण तिथे मधे काच असते. लिलावाच्या आधी तशीच तलवार तुमच्या हातात येते. पातं मुठीकडे जड आहे की टोकाकडे, दांडपट्ट्याच्या लोखंडी हातमोज्यात आतली आडवी मूठ धरल्यावर मनगट किती वळतं, हे काचेतून कळत नाही. तेव्हा "हे जरा बघू का?" असं सरळ विचारा. तिथल्या माणसाचं ते कामच आहे.

आता हातात घेताना. म्यानातून तलवार उपसताना माणूस सवयीने म्यानाभोवती पाचही बोटं आवळतो. तसं अजिबात करू नका. जुनं म्यान म्हणजे दोन पातळ लाकडी फळ्या आणि वर कातडं किंवा मखमल. शंभर-दीडशे वर्षांत धारेच्या बाजूचा सांधा उकललेला असतो, आणि पातं बाहेर येता येता त्या फटीतून थेट बोटांवर येतं. म्यान पाठीच्या, म्हणजे पात्याच्या बोथट कडेच्या बाजूने, खालून तळव्यावर पेलायचं, धार वर ठेवायची आणि पातं पाठीवर सरकवत हळू काढायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, तिथल्या माणसाला सांगायचं. पात्याला उघडी बोटं लावायची नाहीत. घामाचा ठसा आज दिसत नाही, महिन्याभराने गंजाच्या रूपाने दिसतो. आणि फिरवून बघायचा मोह होतो, मला माहीत आहे. मागे कुणीतरी कॅटलॉग वाचत उभं असतं, हे लक्षात ठेवा.

मूठ हातात मावली नाही की लोक लगेच म्हणतात, "पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते" किंवा "ही मुलाची तलवार असेल". भारतीय तलवारीची मूठ मुळातच आखूड असते. खाली गोल तबकडी, वर आडवी परज, आणि मधे हात घट्ट अडकून बसावा अशी ती रचना. घट्ट बसलेला हात घसरत नाही. तसाच दुसरा लाडका समज म्हणजे पात्यावरची लांब खोबण "रक्त वाहून जायला" असते. खोबणीने पातं हलकं होतं आणि ताठ राहतं, त्यासाठी ती असते. हे मी एकदा दालनातच एका काकांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा वाडा हिसकावून घेतला.

कॅटलॉगमधले साधे दिसणारे शब्द

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक एका शब्दाची आहे. लंडनबाहेरच्या एका छोट्या लिलावघरात एक तलवार आली होती. फोटो सुरेख, अंदाजित किंमत माझ्या आवाक्यातली. वर्णनात पात्याच्या पुढे "असोसिएटेड" असं लिहिलं होतं. मला वाटलं, संबंधित, म्हणजे त्याच तलवारीचं. कॅटलॉगच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका उलटा आहे: पातं आणि मूठ मुळात एकत्र नव्हती, नंतर कुणीतरी जोडली. चूक लिलावघराची नव्हती, वाचणारीची होती. घरी आल्यावर पाहिलं तर मुठीच्या तोंडाशी आधुनिक चिकटद्रव्याचा चकचकीत थर होता. जुन्या तलवारींत पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत राळ किंवा लाख ओतून बसवलेलं असतं. ती काळपट, खडबडीत दिसते आणि कडांना तडकलेली असते. आता मी तलवार हातात आली की आधी मुठीचं तोंड बघते, नक्षीकडे नंतर वळते.

असेच आणखी काही शब्द आहेत. "स्टाइल" म्हणजे त्या काळची नाही, त्या काळासारखी. "काँपोझिट" म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे. "क्लीन्ड" म्हणजे घासून पुसून टाकलेली. "रिपुटेडली", म्हणजे "असं म्हणतात", दिसलं की पुढची गोष्ट मजेने वाचावी, पण त्या गोष्टीचे पैसे देऊ नयेत. शंका असेल तर कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, मागवा. तो फुकट मिळतो. त्यात नेमकं विचारा: पातं मुठीत हलतं का, धारेला आडव्या चिरा आहेत का, टोक नंतर घासून नव्याने केलंय का. लिलावाच्या आदल्या संध्याकाळी विचारलं तर उत्तर येईलच असं नाही.

"शिवकालीन आहे"

हा आपला खास आजार. वाड्यात सापडलेली, देव्हाऱ्यामागे ठेवलेली, दसऱ्याला पूजलेली प्रत्येक तलवार आपल्याकडे शिवकालीन असते. बाजारात येणाऱ्या बहुतेक तलवारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या असतात, आणि त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते नावाच्या मागे धावणं.

पात्यावर सोन्याने "असदुल्लाह इस्फहानी" लिहिलेलं दिसलं की नवशिक्याचे डोळे चमकतात. इराणमधल्या इस्फहानच्या या लोहाराचं नाव इतक्या वेगवेगळ्या काळातल्या पात्यांवर सापडतं की ते एका माणसाच्या आयुष्यात मावतच नाही. ते नाव म्हणजे दर्जाचा शिक्का होऊन बसलं होतं. फिरंगेचंही तसंच. युरोपातून आलेलं पातं आणि वर इथली मूठ, ती फिरंग. आंद्रेया फेरारा या इटालियन कारागिराचं नाव, जेनोव्याच्या पात्यांवरचे पापणीसारखे दोन कमानी शिक्के, जर्मनीतल्या पासाउचा धावता लांडगा, या सगळ्या खुणांची नक्कल युरोपातही झाली आणि भारतातही. म्हणून खुणेवरून पात्याचं गाव ठरवायला जाऊ नका.

उलट, नशिबाने खरा लेख असेल तर तो केवढा बोलतो, याचं ताजं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सदबीजमध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी पहिल्या रघुजींची तलवार लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली, सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना. सरळ, एकधारी, युरोपीय पातं, आणि देवनागरीत सोन्याने लेख: "श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग". मालकाचं नाव, पदवी आणि शस्त्राचा प्रकार एका ओळीत. तज्ज्ञांनी आज लावलेलं "फिरंग" हे नाव मालकाच्याच काळात पात्यावर लिहिलेलं असावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि दुसरं टोक म्हणजे वाघनखं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली तेव्हा केवढी गर्दी झाली! ती साताऱ्याला असलेल्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होती. पण अफझलखानाच्या वेळची तीच का, हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द संग्रहालय म्हणतं. एवढं मोठं संग्रहालय इतकं मोकळेपणी बोलत असेल, तर कागद नसलेल्या कट्यारीची "घराण्याची परंपरा" ऐकताना आपणही थोडं थांबायला हरकत नाही.

भिंग आणि मोबाइलची बॅटरी

दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि फोनची टॉर्च, एवढंच सामान मी नेते. सोन्याच्या कोफ्तगरीवर, म्हणजे लोखंडावर बसवलेल्या सोन्याच्या नक्षीवर, भिंग धरा. खऱ्या कामात आधी लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडतात आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवतात. जिथे सोनं झिजलंय तिथे ती जाळी उघडी पडते. मुलामा किंवा सोनेरी रंग असेल तर खाली लोखंड गुळगुळीत निघतं.

जौहर म्हणजे पोलादाच्या अंगातच असलेली लहरींची नक्षी. अशा जौहरदार पोलादासाठी टॉर्च तिरकी धरा, समोरून नको. खरी जौहर पाण्यावरच्या तवंगासारखी वळत जाते आणि दोन जागी सारखी दिसत नाही. आम्लाने वर उमटवलेली नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. जाळीदार चिलखत असेल तर एकेक कडी बघा: टोकं एकमेकांवर चढवून बारीक रिवेट मारलंय की नुसती टोकाला टोक भिडवलीत? नुसती भिडवलेली कडी लढाईत उघडते. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी केलेल्या बऱ्याच चिलखतांत अशाच कड्या आहेत. इराणचे त्या काळचे राक्षसाचं तोंड कोरलेले पातळ पत्र्याचे शिरटोपही मिरवण्यासाठीच होते. ते स्वस्त मिळतात आणि दिसतात झकास. फक्त "युद्धात वापरलेला" या भावाने घेऊ नका.

पैशाचं गणित घरीच करा

२३ मे २०२३ ला टिपू सुलतानाची तलवार बॉनहॅम्समध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. त्या बातमीनंतर महिनाभर मला नातेवाइकांचे फोन येत होते. पण साध्या मुठीची, म्यान नसलेली एकोणिसाव्या शतकातली तलवार छोट्या लिलावांत काहीशे पौंडांत जाते. फसगत होते ती पुढच्या आकड्यांत. हातोडा ४०० पौंडांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली, खरेदीदाराचं कमिशन २८ टक्के असेल तर ११२ पौंड, त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट म्हणजे २२ पौंड ४० पेन्स. झाले ५३४ पौंड ४० पेन्स. ऑनलाइन बोली लावली तर बऱ्याचदा त्या वेबसाइटचे काही टक्के वेगळे. कॅटलॉगमध्ये काही वस्तूंच्या क्रमांकापुढे बारीकसं चिन्ह असतं. वस्तू बाहेरदेशातून आली असेल तर हातोड्याच्या किमतीवरही कर लागतो, त्याची ती खूण. ती मी एकदा फुली समजून सोडून दिली होती. आणि कॅटलॉगमधल्या अंदाजित किमतीत कमिशन धरलेलं नसतं. म्हणून खिशातला शेवटचा आकडा ठरवा, त्यातून उलटा हिशोब करून हातोड्याची मर्यादा काढा आणि ती कागदावर लिहून हातात धरा. नवरा शेजारी असला तर त्याच्याकडे द्या. मी देते.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवर जून २०२२ पासून कडक बंधनं आहेत. दंताची मूठ दिसली तर नोंदणी झाली आहे का, ते विचारा. पन्नास सेंटिमीटरहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवरही २००८ पासून निर्बंध आहेत. जुन्या वस्तूंना त्यातून सूट आहे, पण घेतलेल्या वस्तूची वयासकट पावती जपून ठेवा. भारतात न्यायची तर शस्त्र कायदा १९५९ आणि कस्टम्स दोन्ही आड येतात, आधी दोन्हीकडे विचारून घ्या. आणि उलट दिशेचा प्रश्न, जो मला दर गणपतीत येतो: "आमच्या वाड्यातली तलवार लंडनला विकता येईल का गं?" नाही येणार. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

घासू नका

त्या "असोसिएटेड" तलवारीवर मी आणखी एक पराक्रम केला. रविवारी दुपारी, तांब्याच्या कळशीला लावतात तशी चिंच-मीठ लावून ती घासली. गंज गेला, पातं चकाकलं, आणि टॉर्च धरली तर मधल्या वीतभर भागातली जौहर पार पुसट झालेली. शेपटाकडे अजून दिसते, टोकाकडे दिसते, मधे नुसता आरसा. दोन तुकड्यांची तलवार असली तरी पातं चांगलं होतं, हे मला ते खराब केल्यावर कळलं. आता सैल गंज मऊ कापडाने हलक्या तेलात पुसते आणि वर संग्रहालयात वापरतात तसं मेणाचा पातळ थर देते. म्यानात तलवार कायम ठेवत नाही, जुनं लाकूड ओल धरतं.

फार थोड्या पैशांत सुरुवात करायची तर मी तलवारीऐवजी जुने छापील कॅटलॉग घ्या म्हणेन. काही पौंडांत मिळतात, आणि आत लेखांचे, शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो असतात. ते चार महिने चाळा, मग पाहायला जा. डबा मात्र बाहेर बाकावर बसून खा. शस्त्रांच्या टेबलाजवळ पाण्याची बाटली काढली तरी तिथला माणूस धावत येतो.