फील्डवर न जाता पोरांसाठी काम: संस्थेच्या ऑफिसातली माझी आठ वर्षं

बीकॉम झालंय, टॅली येतं, सीएच्या ऑफिसात वर्ष दोन वर्षं काढलीत आणि आता "काहीतरी सामाजिक करायचंय" असं डोक्यात आलंय पण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, काही केलेली नाही, अशी बरीच मुलं-मुली मला सांगलीत भेटतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की आम्हाला संस्थेत कोण घेणार. घेतात हो, उलट शोधत असतात. मी पण अशीच घुसले, म्हणून जे जसं झालं तसं लिहिते.

२०१८ च्या जूनमध्ये मी एका छोट्या संस्थेत अकाउंटंट म्हणून लागले, पगार चौदा हजार, घरच्यांनी आठवडाभर तोंड पाडलेलं. संस्था १२ ते २० वयाच्या मुलामुलींसोबत काम करते. जत-आटपाडीकडची दुष्काळी गावं, वाळव्याच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांसोबत येणारी पोरं, कृष्णाकाठची पुराची गावं, असा सगळा पसारा. आठवड्यातून एकदा गट बसतो. राग आला तर काय करायचं, नापास झालो तर घरी कसं सांगायचं, बारावी व्हायच्या आत लग्न ठरवायला लागले तर कुणाकडं जायचं, पोलीस भरतीत दुसऱ्यांदा ग्राउंड निघालं नाही तर पुढं काय, असले विषय. जागतिक आरोग्य संघटनेची १० जीवनकौशल्यांची यादी आहे, बहुतेक संस्था तिथूनच सुरुवात करतात, मग गावाप्रमाणं बदलत जातात.

याला इंग्रजीत रेझिलिअन्स म्हणतात. प्रपोजल मराठीत करायचं होतं तेव्हा मी डिक्शनरीत बघून "युवकांमधील लवचिकता वाढवणे" असं लिहिलं. आमचे एक ट्रस्टी, रिटायर्ड हेडमास्तर, चष्मा वर करून म्हणाले, "योगासनं शिकवणार आहोत का आपण?" शेवटी "तग धरायची आणि परत उभं राहायची ताकद" असं लांबलचक लिहिलं. फील्डच्या ताया-दादा नुसतं "उभारी" म्हणतात. मला तोच शब्द आवडतो.

आता ऑफिसात नेमकं काय काम असतं ते. हिशोब, व्हाउचर, मानधन, मस्टर, प्रपोजलचं बजेट, कंपनीला रिपोर्ट, ट्रस्टींची मीटिंग लावणं, प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिणं, प्रिंटरचं टोनर, शिबिराला दोनशे पोरांचा पोहे-चहा, गाडीवाल्याशी घासाघीस. कंपनीत याला पाच माणसं असतात, इथं तुम्ही एकटे. जॉब डिस्क्रिप्शन वगैरे विसरा.

माझी पहिली मोठी परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं ऑफिस गावभागात, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर तीन वर्षांच्या व्हाउचर फायली फुगून एकमेकीला चिकटलेल्या, वर गाळ. मी आणि शिपाईमामांनी गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि एकेक व्हाउचर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातलं, चार दिवस. पाच हजाराच्या वरच्या पावत्यांवरची रेव्हेन्यू तिकिटं सुटून खाली पडायची, ती गोळा करून डबीत ठेवली, कुठल्या पावतीची कुठली कुणाला ठाऊक. ऑडिटरनी समजून घेतलं, पण पुढच्या महिन्यापासून प्रत्येक बिल त्याच दिवशी मोबाइलवर स्कॅन आणि ड्राइव्हवर, हे मी धरूनच बसले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा फायली वरच्या मजल्यावर होत्या आणि मी रात्री झोपले. नदीकाठच्या तालुक्यात संस्थेत लागलात तर पहिल्या दिवशी बघा कागद कुठल्या मजल्यावर आहेत. हसू नका.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं, पण नवीन लोकांना तीच जास्त उपयोगी आहे.

एका कंपनीच्या सीएसआर मधून, म्हणजे कायद्यानं सामाजिक कामाला द्यायच्या पैशातून, जतकडच्या काही गावांसाठी वर्षभराचा प्रोजेक्ट मिळाला. पहिला हप्ता आला, दुसरा यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, पैसे कशाला खर्च झाले त्याचा दाखला, दिल्यावर येणार. बजेटात हेड ठरलेली, मानधन, प्रवास, साहित्य, प्रशिक्षण. मधेच फील्डवरून फोन आला की पोरांना दोरखंड, फुटबॉल, चार्टपेपर पाहिजेत, आणि साहित्यात शिल्लक नव्हती. मी म्हटलं प्रशिक्षणात टाकू, प्रशिक्षणाचंच साहित्य आहे की. बिलं पक्की, पैसे खरे, वस्तू गावात पोचलेल्या, एक रुपया इकडचा तिकडं नाही. पण करारात सातव्या पानावर लिहिलेलं होतं की कुठल्याही हेडमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडणार असेल तर आधी लेखी परवानगी घ्यायची. मी सातवं पान वाचलेलंच नव्हतं. यूसी परत आली, खुलासा द्या, सुधारून द्या, सीएची सही परत आणा, असं करत करत नोव्हेंबरात यायचा हप्ता फेब्रुवारी संपताना आला. तेवढे महिने फील्डच्या लोकांचं मानधन थांबलं.

त्यातली एक ताई त्याच गावची, नऊ हजार मानधनावर गट चालवायची. दोन महिने तिनं उधारीवर काढले, तिसऱ्या महिन्यात मिरजेला एका दवाखान्यात बिलिंग काउंटरला लागली. तिची काय चूक? फेब्रुवारीत तिच्या राहिलेल्या व्हाउचरांवर सह्या घ्यायला मी त्या गावात गेले. शाळेच्या मागं लिंबाखाली तिच्या गटातल्या सात-आठ पोरी बसलेल्या, बुधवार होता म्हणून, कुणी येणार नाही हे माहीत असून. एक नववीतली मुलगी उठून माझ्याकडं आली, म्हणाली, "आमच्या ताई का येईनात?" मी काहीतरी सांगितलं, ऑफिसचं काम, पुढच्या महिन्यात नवीन ताई येतील वगैरे. ती म्हणाली, "त्या म्हटलेल्या काय पण झालं तरी दर बुधवारी येणार." माझ्या हातात व्हाउचरची फाइल होती.

त्या दिवसापासून मला कुणी "मी फक्त अकाउंट्स बघतो, पोरांशी माझा संबंध नाही" म्हटलं की राग येतो. ज्या पोरांच्या आयुष्यात आधीच कोण ना कोण सोडून जातंय, टोळीबरोबर आई-बाप जातात, पुरात घर जातं, त्यांच्यापुढं आपण अजून एक सोडून जाणारं माणूस उभं करायचं आणि वर रिपोर्टात उभारी वाढली म्हणून लिहायचं, हे कसं चालेल.

मग आम्ही काय केलं, तर तीन महिन्यांच्या मानधनाची वेगळी एफडी. प्रोजेक्टचे पैसे तिकडं वळवता येत नाहीत, ते ज्या कामाला आले त्यालाच. पण लोकांच्या साध्या देणग्यांतून करता येतं. संस्थेला करमाफी टिकवायला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च दाखवावे लागतात, उरलेले १५ टक्के मागं टाकता येतात, आमची एफडी त्यातूनच झाली. अडीच वर्षं लागली. ट्रस्टी म्हणायचे पैसे बँकेत ठेवून काय पुण्य मिळणार, पोरांवर खर्च करा. मी दर मीटिंगला ती बुधवारची गोष्ट सांगायचे, शेवटी कंटाळून ठराव केला त्यांनी.

सीएसआर बद्दल थोडं, कारण इंटरव्ह्यूत हेच विचारतात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. संस्थेला हे पैसे घ्यायचे तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी लागते, शिवाय १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी), आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. आपल्या भागातला एक घोळ म्हणजे लोक सहकारी साखर कारखान्याकडं सीएसआर मागायला जातात. अहो ती कंपनी नाही, सहकारी संस्था आहे, हे कलम तिला लागूच नाही. तिथं रस्ता वेगळा, नफावाटप, संचालक मंडळ, जनरल मीटिंग. मी स्वतः एकदा पूर्ण सीएसआर प्रपोजल घेऊन गेलेले, त्यांनी चहा पाजला आणि मऊ शब्दात समजावून पाठवलं. खाजगी कारखाना असेल तर मात्र विचारायला हरकत नाही.

आणि ते ५ टक्क्यांचं. कंपनीचा माणूस सांगतो की "नियमानं ऑफिस खर्चाला पाचच टक्के देता येतात", आणि नवीन माणूस मान डोलावून अकाउंटंटचा पगार, भाडं, ऑडिट फी सगळं बजेटातून काढून टाकतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे, संस्थेच्या नाही, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात ते आलंय. नम्रपणे प्रिंट पुढं ठेवायची. दरवेळी चालतं असं नाही, आमचं दोनदा चाललं, एकदा ते म्हणाले आमची पॉलिसीच तशी आहे.

कम्प्लायन्सची बाकी कामं रुक्ष आहेत, पटकन सांगते. धर्मादाय कार्यालयात ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, जुन्या संस्थांमध्ये हे वर्षानुवर्षं राहिलेलं असतं आणि कागदावर वारलेले लोक अजून ट्रस्टी असतात. रोख देणगी २ हजारापर्यंतच ८०जीला चालते. देणगीदारांची माहिती ३१ मे च्या आत ऑनलाइन भरायची, चुकलं तर दिवसाला २०० रुपये लेट फी, हे मी भरलेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण बोलताना सगळे अजून ८०जीच म्हणतात, फॉर्म भरताना तेवढं सीएंना विचारून घ्या.

मुलांची माहिती हा भाग मात्र हलक्यात घेऊ नका. हजेरीपत्रकात नाव, गाव, कधीकधी घरातली अडचण पण लिहिलेली असते, आणि ती शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. आम्ही आता नावाऐवजी नंबर टाकतो आणि नंबर-नावाची यादी एकाच माणसाकडं कुलपात. फोटोला पालकांची सही. कंपनीला "इमोशनल फोटो" पाहिजे असतो, रडणाऱ्या पोरीचा, सरळ नाही म्हणायचं. आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, अशा अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, ऑफिसातल्या माणसावर पण. ट्रेनिंग फक्त फील्डच्या लोकांना असेल तर स्वतःहून मागून घ्या.

रिपोर्टातले आकडे ही अजून एक गंमत. उभारी मोजायला तयार प्रश्नावल्या मिळतात, कॅनडातल्या एका युनिव्हर्सिटीतली १७ प्रश्नांची बरीच वापरली जाते. आमच्याकडं पहिल्यांदा भरून घेतली तर सगळ्या पोरांनी शेवटच्याच चौकटीत टिक, कारण ताई समोर बसलेली आणि पोरांना वाटलं हा पेपर आहे. मग दुसऱ्या गावची ताई पाठवायला लागलो, आणि "मार्क नाहीत याला" हे तीन वेळा सांगून. आकडे खाली आले, कंपनीला ते समजावायला मला दोन मीटिंगा लागल्या.

कॉलेजात असाल तर एक्सेलचं पिव्होट टेबल, युनिकोड मराठी टायपिंग आणि एक पानात बजेट मांडणं, एवढं पक्कं करा, बाकी शिकता येतं. महिन्यातून एक दिवस गावात जायची परवानगी जॉइन होतानाच मागून घ्या, नंतर कुणी सोडत नाही. आज मी दोन संस्थांचं बघते, मिळून पस्तीसेक हजार होतात, सीएकडच्या मैत्रिणींना जास्त मिळतात, हे पण सांगून ठेवते.

आणि इंटरव्ह्यूला गेलात की फक्त उत्तरं देऊ नका, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट दाखवा म्हणा, आणि हप्ता लांबला तर मानधन कुठून देता ते विचारा. रिपोर्ट टेबलावर आले तर पुढचं बोला, "बघू नंतर" म्हणाले तर चहा घ्या आणि निघा.