ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांवर संशोधन करताना

बीडच्या धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातल्या मुलांवर प्रबंध लिहायचा तर आधी हंगाम समजून घ्या, प्रश्नावली नंतर. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, मार्च-एप्रिलात परततात. आईवडिलांची लेखी संमती ते गावात असतानाच घ्यायची. ते एकदा सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर पोहोचले की नुसत्या आजीच्या अंगठ्यावर भागवू नये. नीतिमत्ता समितीच्या मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका. भेटी तीन हव्यात: निघण्याआधी, जानेवारीच्या सुमारास आणि परतल्यावर. तिसरी भेट हमखास गाळली जाते. पण आलेल्या आईशी पुन्हा जुळवून घेणं हाही ताटातुटीचाच भाग आहे.

मुलांची निवड हजेरीपटावरून करू नका. फडावर गेलेलं मूलही पटावर असतं. घरोघर फिरा आणि कोणाला नेलं, कोणाला ठेवलं, का, ते लिहा. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जातं; दहा-बारा वर्षांची मुलगी पुष्कळदा धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) भाकरी करायला नेतात. मागे राहिलेल्यांतही आजीकडचं, चुलत्याकडचं आणि हंगामी वसतिगृहातलं मूल यांची सरमिसळ नको.

‘आईची आठवण येते का?’ हे विचारूच नका. मूल ‘हो’ म्हणतं किंवा रडतं, आणि दोन्हींतून हाती काही लागत नाही. ‘काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?’ असं विचारा. मग पाणी कोणी भरलं, शेजारी कोण झोपलं, फोन कोणाचा, रिचार्ज कोण मारतं, हे आपोआप येतं. आठ ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरे. शेवटची दहा मिनिटं खेळाची ठेवा. संध्याकाळी बोलणं टाळा, रडू आलेलं मूल तसंच झोपायला जातं. जागा अशी निवडा की मोठ्यांना मूल दिसेल पण ऐकू येणार नाही. गुरुजी शेजारी बसले की वसतिगृहाचं जेवण नेहमी ‘छान’च असतं!

‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पोक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला सुरुवातीलाच साध्या भाषेत सांगा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही जवळ ठेवा.

लिहिताना गाव, जात आणि कारखाना तिन्ही एकत्र आले की घर ओळखू येतं, नाव बदलून उपयोग नाही. मुकादमाचं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं, नाव तर वहीतही नको: त्याच्याकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) घरच्यांची अजून फिटलेली नसते आणि पुढच्या हंगामात त्यांना त्याच टोळीत जायचं असतं.