मेदपेशीतलं कॅल्शियम मोजताना या चुका टाळा

नॉरअॅड्रेनालिन टाकलं, फ्युरा-२ चा (कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणाऱ्या डायचा) आलेख झपकन वर गेला आणि वरच राहिला. वहीत ‘कॅल्शियम वाढलं’ असं लिहायची घाई करू नका. मेदपेशींत असा आलेख पुष्कळदा हार्मोनचा नसतोच, फुटलेल्या पेशींचा असतो. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर बफरमध्ये १ ते २ मिलिमोलर. फरक दहा ते वीस हजार पटींचा. थोडासा डाय बाहेर गळला तरी तो तिथल्या कॅल्शियमने लगेच भरतो आणि रेशो (३४० आणि ३८० नॅनोमीटरला मिळणाऱ्या चमकीचं गुणोत्तर) फुगवतो.

ओळखायचं कसं? हार्मोन देण्याआधी ५० मायक्रोमोलर मँगनीज क्लोराइड टाका आणि ३६० नॅनोमीटरला बघा. मँगनीज फ्युरा-२ ची चमक विझवतं, पण अखंड पेशीत ते हळूहळूच शिरतं. पायरीसारखी एकदम घसरण झाली तर तेवढा डाय बाहेर आहे. ती नमुन्याची बॅच टाकून द्या.

पेशी वेगळ्या करताना

पद्धत अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन रॉडबेल यांची, १९६४ ची: उंदराच्या वृषणाजवळच्या (एपिडिडायमल) चरबीचे बारीक तुकडे, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम), ३७ अंशांवर हलवत ३० ते ४५ मिनिटं. कोलॅजिनेजला काम करायला कॅल्शियम लागतं. ‘कॅल्शियम कमी केलेलं बरं’ म्हणून या टप्प्यावर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलंत तर तासाभरानंतरही तुकडे तसेच राहतील आणि दोष एन्झाइमच्या लॉटला जाईल.

लॉटचा दोष खरा असतो तेव्हा तो वेगळा दिसतो. कच्च्या कोलॅजिनेजमध्ये ट्रिप्सिनसारखे प्रोटीएज जास्त असले तर इन्सुलिनचे रिसेप्टर कापले जातात. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, तकतकीत. हार्मोनला मात्र दाद देत नाहीत. नवा लॉट आला की आधी आयसोप्रोटेरेनॉल (बीटा रिसेप्टर चेतवणारं औषध) देऊन ग्लिसरॉल सुटतं का, म्हणजे चरबी तुटते का, आणि इन्सुलिन ते रोखतं का, हे तपासा. मगच जास्त बाटल्या मागवा.

इतर पेशींवर काम केलेल्यांची हमखास चूक: सेंट्रिफ्यूज झाल्यावर तळाचा गोळा ठेवतात आणि वरचं ओतून देतात. मेदपेशी तरंगतात. तळाशी बसतात त्या रक्तवाहिन्यांच्या आणि आधारऊतीच्या पेशी. सेंट्रिफ्यूज ५० ते १०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट) वर, फार तर एक मिनिट. नाहीतर नळी पाच मिनिटं स्थिर उभी ठेवा आणि खालचं पाणी सिरिंजने काढा. काचेची भांडी नकोत, प्लास्टिक वापरा. पिपेटची टिप टोकाशी कापून रुंद करा. वर पिवळसर तेलाचा थर दिसला तर पेशी फुटताहेत.

या तरंगण्याचा त्रास क्युव्हेटमध्येही होतो. ढवळणं थांबलं की पेशी वर सरकतात, किरणाच्या वाटेतून निघून जातात आणि दोन्ही तरंगलांबींचा सिग्नल एकत्र उतरतो. ३४० आणि ३८० दोन्ही खाली येत असतील तर ते कॅल्शियम नव्हे. खऱ्या चढात ३४० वर जातो आणि ३८० खाली येतो. म्हणून नुसता रेशो साठवू नका, दोन्ही रेषा वेगळ्या ठेवा. लोड न केलेल्या पेशींचा ब्लँकही घ्या, कारण ३४० ला एनएडीएच स्वतः चमकतं आणि चरबीचे थेंब प्रकाश विखुरतात.

डाय भरताना

फ्युरा-२ एएम (पेशीत शिरू शकणारं डायचं एस्टर रूप) २ ते ५ मायक्रोमोलर, डाय विरघळायला मदत करणाऱ्या ०.०२ टक्के प्लुरोनिकसह, खोलीच्या तापमानाला ३० ते ४५ मिनिटं. ३७ अंशांवर डाय लवकर भरतो, पण पेशीतल्या कप्प्यांतही शिरतो. मग तुम्ही सायटोप्लाझम आणि कप्पे यांची सरासरी मोजत बसता. सीरम नको, त्यातले एस्टरेज डाय बाहेरच तोडतात. अल्ब्युमिन मात्र पूर्ण काढू नका. सुटणारी फॅटी आम्लं धरायला ते लागतं. लोडिंगपुरतं कमी करा. धुतल्यावर २० ते ३० मिनिटं एस्टर तुटू द्या. डाय गळतच राहिला तर १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड घाला, ते डाय बाहेर ढकलणाऱ्या वाहकांना रोखतं.

आयनांचे घोळ

‘शून्य कॅल्शियम’ बफर म्हणजे कॅल्शियम न घातलेलं बफर नव्हे. पाण्यातून आणि क्षारांतून काही मायक्रोमोलर येतंच. ईजीटीए घालावंच लागतं. ते कॅल्शियम पकडताना प्रोटॉन सोडतं, त्यामुळे पीएच उतरतो, आणि पीएच उतरला की त्याची पकडही ढिली होते. सोबत ट्रिस घालून पीएच ८.३ च्या वर न्या, नाहीतर आरमिन (कॅल्शियम नसतानाचा सर्वात कमी रेशो) खोटा जास्त येईल.

पोटॅशियम वाढवून पेशीचा पडदा डीपोलराइझ करायचा असेल तर तेवढंच सोडियम क्लोराइड कमी करा. नुसतं ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड वर ओतलं की पेशी आक्रसतात. बायकार्बोनेट बफरमध्ये कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच जमल्यावर. आधी घातलं तर दुधाळ साका बसतो.

हार्मोन देताना

नॉरअॅड्रेनालिन अल्फा-१ रिसेप्टरवाटे आयपी३ हा निरोप्या रेणू तयार करून साठ्यातलं कॅल्शियम सोडतं, बीटावाटे सायक्लिक एएमपी वाढवतं. कोणता मार्ग, हे प्राझोसिन (अल्फा-१ रोखणारं) आणि प्रोप्रानोलॉल (बीटा रोखणारं) वेगवेगळे देऊन पाहिल्याशिवाय सांगू नका. द्रावण रोज ताजं, बर्फावर, अंधारात. गुलाबी झालं तर फेका.

इन्सुलिनने मेदपेशीत कॅल्शियम चढतं का, यावर जुने निकालच एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचा स्टॉक ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात असतो, म्हणून तेवढंच आम्ल एकटं टाकून कंट्रोल घ्या. इन्सुलिन नळीला चिकटतं. पातळ करताना ०.१ टक्का अल्ब्युमिन हवंच.

एकाच दिवशी दाट आणि विरळ नमुन्यांनी बीटा प्रतिसाद वेगळा दिला तर संशय अॅडेनोसिनवर घ्या. पेशींतून ते सुटतं, ए१ रिसेप्टरवाटे सायक्लिक एएमपी दाबतं. दर मिलिलिटरला १ युनिट अॅडेनोसिन डीअॅमिनेज टाकून पुन्हा बघा.

३टी३-एल१ (प्रयोगशाळेत मेदपेशी बनवता येणाऱ्या उंदराच्या पेशी) वापरत असाल तर डिफरन्सिएशनच्या, म्हणजे त्यांना मेदपेशी बनवणाऱ्या, मिश्रणातलं इन्सुलिन आणि डेक्सामेथासोन आधी काढा, मोजणीपूर्वी तीन-चार तास सीरमही. थेंब न दिसणाऱ्या पेशी वगळा, त्या फायब्रोब्लास्टच आहेत.

आकडा काढताना

फ्युरा-२ चा केडी (अर्धा डाय भरतो ती कॅल्शियमची पातळी) ३७ अंशांना सुमारे २२४ नॅनोमोलर, २० अंशांना १३५. खोलीच्या तापमानाला मोजून २२४ लावलात तर कॅल्शियम दीडपटीहून जास्त दिसतं. आरमॅक्ससाठी (डाय कॅल्शियमने पूर्ण भरल्यावरच्या रेशोसाठी) आयनोमायसिन (पेशीत कॅल्शियम शिरू देणारं रसायन) कमी पडतंय असं वाटलं तर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवा, कारण त्यातलं बरंच चरबीत आणि अल्ब्युमिनवर अडकतं. क्युव्हेटमधल्या नमुन्यात डिजिटोनिनने पेशी फोडून आरमॅक्स आणि मग ईजीटीएने आरमिन घेणं सोपं जातं.