ब्राझिलियन जिउ-जित्सू: नवख्यांना पहिलं रोलिंग कसं द्यावं

नवख्यांचा वर्ग घ्यायचा म्हटलं की नवे कोच आधी डावांची यादी करायला बसतात. पहिल्या आठवड्यात आर्मबार, दुसऱ्यात ट्रँगल, तिसऱ्यात किमुरा. ही यादी फाडून टाका. रोलिंग म्हणजे जोडीदाराशी झुंजत केलेला सराव. त्यात समोरचा माणूस पहिल्यांदा खराखुरा विरोध करतो, त्या एक-दोन मिनिटांत नवखा ठरवतो की उद्या परत यायचं की नाही. मी वर्ग आखतो तो त्या मिनिटांच्या हिशेबाने.

मॅटवर येण्याआधी

नखं कापलेली, अंगठी-कडं-कानातलं काढलेलं, गी (सरावाचा पोशाख) धुतलेला. पावसाळ्यात गी वाळत नाही आणि नायटा पसरतो. कुणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्या दिवशी मॅटबाहेर बसवा, भीडभाड ठेवू नका.

वॉर्मअप

दहा मिनिटं. श्रिंप (आडवं पडून कंबर बाजूला सरकवणं), ब्रिज (पाठीवर पडून कंबर वर उचलणं), ब्रेकफॉल (न लागता पडणं), हाताचा आधार घेऊन नीट उठणं, बस्स. शंभर बैठका मारायला लावणाऱ्या कोचला बहुतेक वेळा पुढचा तास कसा भरायचा ते माहीत नसतं.

डाव

एका तासात एकच विषय: माउंटखालून सुटणं. समोरचा पोटावर बसलाय, त्याला ब्रिज करून उलटवायचं, किंवा कोपर आणि गुडघा जवळ आणत बाजूला सरकून त्याला परत पायांच्या मध्ये, म्हणजे गार्डमध्ये घ्यायचं. दोनदा करून दाखवा आणि गप्प बसा. अकरा बारकावे सांगितलेत तर एकही लक्षात राहत नाही.

टॅप

टॅप म्हणजे ‘हरलो, सोड’ ही खूण. तो नुसता समजावून सांगू नका, त्याचा सराव घ्या. समोरच्याच्या अंगावर दोन-तीन थापा. मॅटवर मारलेली थाप गोंगाटात कळत नाही. हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’. कुणी ओरडलं तर तोही टॅपच. आणि टॅप मिळताच त्याच क्षणी सोडायचं.

पुरुष नवख्यांना टॅप करायची लाज वाटते. त्यांना मी पहिल्या यूएफसीची, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना समोरासमोर उतरवणाऱ्या स्पर्धेची, गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. जिउ-जित्सूच्या रॉइस ग्रेसीसमोर आर्ट जिमरसन हा व्यावसायिक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. ग्रेसी त्याच्यावर माउंटमध्ये बसला, आणि कुठलाही डाव लागायच्या आतच जिमरसनने टॅप केला. तोही माणूस कच्चा नव्हता. चोकबद्दल, म्हणजे गळा आवळण्याच्या डावाबद्दल, मात्र गोष्ट न सांगता सरळ बजावा: मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाऊ शकते, आणि त्याआधी फारसं दुखेलच असं नाही. दुखायची वाट बघत बसू नये.

पहिलं रोलिंग

खरी अडचण इथे आहे. मलाही हे जमायला बराच काळ लागला. ‘पाच मिनिटं, हात मिळवा, सुरू करा’ असं म्हणून नवख्यांना मोकळं सोडणं ही शिकवणी नव्हे. त्यातून निघते ती मारामारी, दुखावलेली मान आणि दुसऱ्या दिवशी न आलेला विद्यार्थी.

सुरुवात उभ्याने करूच नका. उभ्याने झटापट झाली की एक जण आडवा पडतो तो दुसऱ्याच्या गुडघ्यावर. माउंटमधूनच सुरू करा. वरच्याचं काम: टिकून राहणं. खालच्याचं काम: सुटणं. सबमिशन, म्हणजे टॅप करायला लावणारे डाव, बंद. एक मिनिट. सुटला की थांबा, पुन्हा त्याच जागेवरून. मिनिट संपलं की अदलाबदल. काम इतकं अरुंद असलं की दोघांनाही कळतं आपण जिंकतोय की हरतोय, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढं कळलेलं पुरतं.

जोड्या तुम्ही लावा, त्यांच्यावर सोडू नका. शक्यतो नवख्यासमोर शांत डोक्याचा ब्लू बेल्ट (नवख्याच्या पांढऱ्या पट्ट्यानंतरचा) द्या. ब्लू बेल्ट कमी असतील तर नवख्यांची वजनं जुळवा. मुली दोनच आहेत म्हणून पन्नास आणि ऐंशी किलोची जोडी लावू नका. आणि कुणी एखाद्या पार्टनरला नको म्हटलं तर कारण विचारू नका.

मग येतो दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून धडपडणारा. त्याला बाहेरून ‘रिलॅक्स कर’ म्हणण्याइतका निरुपयोगी सल्ला नाही. पोटावर ऐंशी किलो बसलेत, रिलॅक्स कसा होणार? त्याला काम द्या: ‘कोपरं बरगड्यांना चिकटव.’ ‘उजवा पाय अडकव.’ आणि त्याला बोलतं ठेवा. मी खालच्याला विचारतो, आज जेवायला काय आहे? उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो.

चार गोष्टी दिसल्या की लगेच थांबवा. उलटताना मागे ताठ टेकलेला हात, कारण सगळं वजन त्या कोपरावर जातं. समोरच्याचं एकच बोट धरून ओढणं. मानेला कवळ घालून पिळणं, हे प्रत्येक नवखा न शिकवता करतो. आणि गार्डमध्ये अडकल्यावर समोरच्याला उचलून आपटणं, जे नियमांतही बसत नाही. कुणी व्हिडिओ बघून हील हुक (टाच पिरगळण्याचा डाव) लावायला गेला तर त्याला बाजूला घेऊन समज द्या. यात गुडघ्याचे लिगामेंट वेदना नीट जाणवायच्या आधी जाऊ शकतात, आणि आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या स्पर्धांत व्हाइट बेल्टला हा डाव चालतही नाही.

महाराष्ट्रात वर्ग घेत असाल तर तालमीतून आलेला एखादा गडी हमखास असतो. त्याचा तोल, पकड, पट काढणं तुमच्या ब्लू बेल्टपेक्षा सरस असेल. पण पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, हे त्याच्या हाडांत भिनलेलं असतं. माउंटखाली तो पहिल्या झटक्यात पालथा होतो आणि पाठ समोरच्याच्या हवाली करतो. इथे पाठीवर पडणं म्हणजे हार नाही, आणि पाठ घेऊन दोन्ही पाय आत अडकवणाऱ्याला मात्र माउंटइतकेच चार गुण मिळतात, वर मागून चोकही मिळतो. हे त्याला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा, मग त्या अवस्थेत नेऊन हळू चोक लावून दाखवा. त्याच्या कुस्तीची चेष्टा कुणी करत असेल तर त्याला त्याच पैलवानासमोर उभ्याने उतरवा.

मोकळं रोलिंग कधी

बेल्टवरच्या पट्ट्या मोजून हे ठरवू नका. मी दोनच गोष्टी बघतो. नवख्याने न सांगता वेळेवर टॅप केलाय का, आणि समोरच्याच्या टॅपवर तत्काळ सोडलंय का. पहिली नसेल तर माउंट आणि गार्डमधलाच सराव चालू ठेवा. दुसरी नसेल तर त्याला इतर नवख्यांसोबत अजिबात सोडू नका, तुमच्याच किंवा अनुभवी बेल्टच्या हाती ठेवा. पुढे सुधारला नाही तर फी परत करा.