कथाकथन आणि हलगी-चौंडकं एकाच मांडवात: क्रम व माइक

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांतल्या साहित्य संमेलनांसारख्या उघड्या मांडवातल्या कार्यक्रमात कथाकथन आणि अभिवाचन हलगीच्या आधी घ्या. हलगीनंतर माणसं उठून फिरू लागतात आणि हळू आवाजातली कथा वाया जाते.

अभिवाचनाला मिनिटाला साधारण १०० शब्द धरा. १५ मिनिटांसाठी १,५०० शब्दांचा उतारा पुरे, आणि तो लेखकाने घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचलेला असावा. कागद मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला छापलेले हवेत. पानं उलटताना माइकमध्ये खरखर फार येते. कथाकथनकाराला मात्र पोडियम देऊ नका. त्याचे हात आणि चेहरा दिसलेच पाहिजेत, म्हणून उभा स्टँड किंवा कॉलर माइक द्या.

थंडीत सूर्यास्तानंतर दव पडलं की हलगीचं कातडं सैल होऊन आवाज बसतो. मंचामागे, मांडवाच्या कापडापासून लांब, छोटी शेकोटी आणि पाण्याची बादली ठेवा. हलगी ज्वाळेत धरायची नाही, नुसती आच द्यायची. जास्त तापली तर कातडं फाटतं. शेकणं वादकाकडेच सोपवा.

सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या जोगत्यांच्या चौंडक्याला, म्हणजे त्यांच्या एका तारेच्या वाद्याला, वेगळा माइक हवाच. गायकाच्या माइकवर भागवलं तर तारेची गुंज हरवते. गाणी मराठी-कानडी दोन्हींत असतात, तेव्हा निवेदनही दोन्ही भाषांत करा.