जुन्या रेकॉर्डी संगणकात उतरवताय? या चुका टाळा

आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला त्या खटखटीची इतकी सवय असते की ती ऐकूच येत नाही. सुईला मात्र आली. पहिली एलपी (विनाइलची मोठी रेकॉर्ड) उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर गाण्याच्या दोन ओळींमधल्या शांत जागीही आलेखाची रेघ संथपणे खालीवर डुलत होती. आठवडाभर सॉफ्टवेअरशी झटापट केली. दोष टेबलात होता. माग जमीन हलवत होते, जमीन टेबलाला आणि टेबल सुईला.

तेव्हापासून आवाजात खोट दिसली की मी आधी संगणकाच्या अलीकडे बघतो: सुई, वायर, टेबल, धूळ. दहातल्या नऊ तक्रारी तिथेच मिटतात.

हादऱ्यांवर उपाय म्हणून प्लेअर भिंतीतल्या फळीवर ठेवा, पण मागाच्या भिंतीवर नको, समोरच्या. फळीवर रबराचे चार तुकडे आणि त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की बरेच काम होते. चादरीची घडी घालण्याचा मोह सोलापूरकराला होणारच. घालू नका, प्लेअर एका बाजूला कलतो. गवंड्याकडची पाणसळ आणून तबकडीची बैठक तपासा. स्पीकरही बंद ठेवा आणि हेडफोनवर ऐका, नाहीतर स्पीकरचा हादरा पुन्हा सुईत शिरतो. एवढे करून काही उरलेच तर हाय-पास फिल्टरने 20-30 हर्ट्झखालचे कापून टाका.

सगळ्यात जास्त गोंधळ वायर जोडण्यात होतो. सुई जिला जोडलेली असते त्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारा विद्युतसंकेत जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात. संकेत वाढवून ते पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीअँप या छोट्या वर्धकाचे. तो नसेल तर आवाज बारीक आणि कर्कश येतो, पेटी डब्यातून वाजल्यासारखी वाटते. उलट प्लेअरमध्ये प्रीअँप आहे आणि बाहेरही एक लावला, तर खर्ज घुमतो आणि आवाज फाटतो. बऱ्याच प्लेअरच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे बटण असते. बाहेरचा प्रीअँप असेल तर ‘फोनो’, नसेल तर ‘लाइन’. इतके साधे आहे, तरी मी दोनदा चुकलो.

लॅपटॉपचे एकच भोक बहुधा माइकसाठी असते. त्यात वायर खुपसली तर बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांची एक होते आणि वर आवाज फाटतो. लाइन-इन (प्रीअँपमधला आवाज घेणारे भोक) असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी डबी, घ्या. सतत ‘हुंऽऽ’ ऐकू येत असेल तर ती आपल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडली आहे का बघा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर चोर सापडला.

धुण्याच्या बाबतीत आपल्या गावाच्या खास चुका आहेत. घरात टर्किश टॉवेलची ददात नाही, म्हणून रेकॉर्ड त्यानेच पुसली जाते आणि त्याचे धागे खाचांत अडकतात. मायक्रोफायबर वापरा. बोअरचे पाणी वाळले की क्षार मागे ठेवते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणा. आणि धुतलेली रेकॉर्ड गच्चीवर वाळत घालू नका. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, उन्हातली काळी तबकडी त्याहून कितीतरी तापते आणि पापडासारखी वाकडी होते. सावलीत उभी ठेवा. लाखेच्या जुन्या 78 वाल्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डींना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते.

त्याच 78 वाल्या रेकॉर्डी एलपीच्या सुईने वाजवणे ही आणखी एक चूक. त्यांची खाच रुंद असते. बारीक सुई तळाशी घसटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त उचलते. वेगळी, जाड सुई मिळते. उलट एलपी हौसेने आजोबांच्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर लावू नका. त्या वजनाखाली आणि पोलादी पिनेखाली खाच एका फेरीत खरवडली जाते. प्लेअरवर 78 चा वेगच नसेल तर 45 वर उतरवून सॉफ्टवेअरमध्ये वेग 73.33 टक्क्यांनी वाढवता येतो.

पातळी ठरवताना रेकॉर्डचा सर्वात जोराचा भाग आधी वाजवा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, वर आपटून फाटलेला परत येत नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. मिनिटाला साधारण 17 एमबी लागतात, म्हणजे 22 मिनिटांची एक बाजू 380 एमबीच्या घरात. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (आवाजातले काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) ठेवा आणि एमपीथ्री त्यातून करा, थेट एमपीथ्री उतरवू नका. विंडोजमधल्या ‘आवाज सुधारणा’ बंद करा, संगणक मध्येच झोपणार नाही याचीही काळजी घ्या.

आता सफाई. क्लिक काढणारे फिल्टर जोरात लावले की ते तबल्याची चाट आणि टाळाचा ठोकाही क्लिक समजून खाते. खरखर कमी करणारे जास्त ताणले की गायक विहिरीतून गातोय असे वाटते. मी 6 डेसिबलपुढे जात नाही, आणि न छेडलेली प्रत बाजूला ठेवतो. थोडी खरखर राहू द्या की.

गाणी आपोआप तोडणारी सोय शांतता शोधते. आलापातल्या ठहरावालाही ती गाण्याचा शेवट समजते, त्यामुळे खुणा हाताने घाला. टोके कापतानाही जपून. सुरुवातीच्या काळातल्या लाखेच्या रेकॉर्डींत गाणे संपल्यावर गायिका स्वतःचे नाव सांगत असे. गौहर जानचे 1902 पासूनचे ध्वनिमुद्रण त्यासाठी प्रसिद्ध आहे. घाईत कापले तर नेमके तेच जाते.

शेवटचे काम कंटाळवाणे, आणि बहुतेकजण तेच टाळतात. फाइलचे नाव ‘ट्रॅक 01’ ठेवू नका. आपल्याकडच्या ट्रंकेत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड रेकॉर्डीही निघतात, आणि ती लेबले वाचणारी माणसे घरातून कमी होत चाललीत. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा आणि लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढा, फाइलींशेजारीच ठेवा. लेबल वाचता येत नसेल तर शेजारच्या आजींना बोलवा. त्या वाचून दाखवतील, आणि रेकॉर्ड लावायलाही सांगतील.